घरपट्टीच्या पावतीत शाळेचा रकाना

(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



घरी गेल्यावर ग्रामपंचायतीची कराची पावती काढून बघा. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे रकाने त्यात दिसतील. शाळेचा रकाना दिसणार नाही. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकराची वेगळी ओळ असते. आपल्या पावतीत घर आणि शाळा यांना जोडणारे काहीच नाही, आणि माझ्या मते गावच्या शाळेचे बरेचसे दुखणे इथेच आहे.

हे नाते पूर्वी होते. 1869 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसला आणि त्यातला एक-तृतीयांश शिक्षणासाठी ठेवला गेला. पट्टी भरणारा कुणबी आणि शाळेत बसणारे मूल यांची मात्र गाठ पडेना. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे नेमके हेच मांडले: महसूल रयतेच्या कष्टातून येतो, तर तो तिच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हायला हवा. पुढे 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा पैसा कुठून उभा करायचा हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. शिक्षणासाठी कर बसवला.

आजची स्थिती काय? गुरुजींचा पगार राज्य सरकार देते, आणि ते योग्यच आहे. रोजच्या खर्चासाठी समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते. 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये, 101 ते 250 पटाला 50,000. म्हणजे लहान शाळेच्या हातात महिन्याला दोन हजारांच्या आसपास. त्यात विजेचे बिल, खडू, स्वच्छतागृहाची सफाई, नळाची तोटी आणि गळणारे छप्पर. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला मराठीत रमवणारी चार गोष्टींची पुस्तके घ्यायला त्यातून काय उरणार?

गावाने भर घालावी म्हटले, तर घरपट्टीला कमाल मर्यादा आहे. भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे किमान आणि कमाल दर सरकारने ठरवून दिले आहेत. आरसीसी घराला ते 120 ते 200 पैसे आहेत. झोपडीला याहून बरेच कमी. दहा लाख मूल्य धरलेल्या घराला वर्षाला 1,200 ते 2,000 रुपये. गरिबाच्या डोक्यावर मनमानी पट्टी बसू नये म्हणून मर्यादा हवीच. पण बंगलेवाल्यालाही किमान दरच लावून पंचायती थांबतात, कारण मतांची भीती असते. मग वर्गणीची वही निघते.

लोकांनी मनावर घेतले तर काय उभे राहते, हे वळसंगला सांगायला नको. बाबासाहेबांनी जिचे पाणी काढले ती विहीर याच गावात आहे. पण वर्गणी रंगरंगोटीपुरती, संगणकापुरती जमते. दरमहाच्या वीजबिलासाठी कोण देणार? शिवाय ज्या गावात पैसा आहे तिथेच ती जमते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतला. तिथल्या शाळा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालत. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत, गरीब वस्तीची गरीब. 1971 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या विषमतेवर बोट ठेवले. मग 1978 मध्ये मतदारांनी कौल देऊन कर मूल्याच्या एक टक्क्यावर आणि मूल्यातली वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर रोखली. घरमालकांना दिलासा मिळाला, पण शाळांच्या तिजोरीची किल्ली राज्याच्या राजधानीत गेली. राज्याची मिळकत घटली की वर्ग फुगू लागले, आणि सधन पालक आपापल्या शाळांसाठी देणग्या गोळा करू लागले. म्हणजे दारातून घालवलेली विषमता खिडकीतून परत आली.

यातून मला दोन्ही बाजू दिसतात. शाळेचा पाया राज्यानेच भरावा, नाहीतर गरीब गावाचे मूल गरीब शाळेतच अडकेल. पण पायावरच्या रोजच्या खर्चात गावाचा वाटा आणि गावाचा शब्द हवा. जो पैसा देत नाही, तो हिशेबही मागत नाही.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो; तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. पंचायतीच्या स्वउत्पन्नात मागासवर्गीय, महिला-बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी वाटा राखून ठेवतात, तसा शाळेसाठीही ठरावीक वाटा ठरावाने बांधून घ्यावा. चार वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा झोपडीचा दर तळाशी ठेवून मोठ्या इमारतींचा दर कमाल मर्यादेकडे न्यावा. आणि ज्या गावांचे उत्पन्नच तुटपुंजे आहे, त्यांची तूट सरकारने भरून द्यावी.

याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. आपल्या शाळांत गुण आहेत याला आणखी पुरावा नको. पण एकेका गुरुजींच्या जिद्दीवर सगळ्या शाळा सोडून देणे हा गावाचा धर्म नव्हे. येत्या ग्रामसभेत पहिला प्रश्न शाळेच्या वीजबिलाचा विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.