दिरहम की रुपये?
उधना-लिंबायतच्या श्रोत्यांनो, सुरतहून थेट दुबईला निघालात, तर खिशात क्रेडिट कार्ड कोणतं? लाउंज आणि पॉइंटांना भुलू नका. आधी फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचा जादा आकार, विचारा. अनेक कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाखाच्या खरेदीवर ४,१३० रुपये गेलेच! बिनमार्कअपची कार्डंही मिळतात, त्यांची वार्षिक फी तेवढी बघा. सोन्याच्या दुकानात मशीनवर ‘रुपये की दिरहम’ असं येईल. दिरहमच निवडा, रुपयांचा दर सहसा महागात पडतो. एटीएममधून क्रेडिट कार्डानं रोकड काढलीत, तर व्याज पहिल्या दिवसापासून. आणि हो, रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून ते सुरू करून घ्या.