चाळ, विहार आणि आपली वही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे भाषण म्हणजे विहाराचा इतिहास सांगायचा, दानदात्यांचे आभार मानायचे आणि खीरदानाची सूचना देऊन खाली बसायचे, अशी आपली पद्धत. यंदाही कमिटीने आम्हांला इतिहासावरच बोला म्हणून सांगितले. आम्ही हो म्हटले आणि विहाराची जुनी वही शोधायला लागलो. कपाटात बघितली, कपाटावर बघितली, माजी चिटणीसांच्या घरचा पोटमाळा उतरवला. वही मिळाली नाही. का मिळाली नाही ते पुढे सांगतो, कारण त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचाच आहे.

आपण वरळीच्या बी.डी.डी. चाळींत राहणारी माणसे. राहणारी म्हणावे की राहिलेली, हाच आता प्रश्न आहे. २०१७ साली चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. आज आपल्यातले काही जण त्या चाळीस मजली इमारतीत, काही संक्रमण शिबिरात, काही भाड्याच्या घरात, तर काही अजून जुन्याच खोलीत आहेत. पूर्वी वंदनेची घंटा वाजली की गॅलरीतून माणसे खाली उतरायची. आता रविवारच्या वंदनेला लोक बस धरून येतात. काही येतच नाहीत, आणि त्यांना बोल लावता येत नाही.

या चाळी आल्या कुठून? १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात सरकारने एक नवे खाते काढले, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्याचे इंग्रजी आद्याक्षर म्हणजे आपले बी.डी.डी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि त्या पैशातून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचे ठरवले. झाल्या किती? वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, मजल्याला वीस खोल्या, चाळीला ऐंशी. म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास. त्यांतल्या १२१ चाळी एकट्या वरळीत. भिंती सिमेंट काँक्रीटच्या. त्या भिंतीत खिळा ठोकताना किती खिळे वाकले, ते इथल्या प्रत्येक बापाला माहीत आहे.

सुरुवातीला या खोल्यांत यायला लोक तयार नव्हते. भाडे परवडत नव्हते, वरळी गिरण्यांच्या गर्दीपासून लांब आणि खोल्या तापायच्या. कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. १९३० च्या कायदेभंगात इथल्या काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला. ज्या जागेला सरकारने कोठडी म्हणून वापरले, तिथे पुढे आपल्या आज्या-पणज्यांनी संसार मांडले.

आता एक गोष्ट नीट ऐका. याच खात्याकडे दुसरेही एक काम होते. समुद्र हटवून बॅकबेची जमीन तयार करायची. त्या कामात इतका पैसा बुडाला की खुर्शेद नरिमन यांनी त्यावर रान उठवले. आजचा नरिमन पॉइंट त्यांच्याच नावाचा. त्या भरावाच्या जमिनीवर १९३० नंतर मरीन ड्राईव्ह आणि ओव्हल मैदानासमोर गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती उठल्या. त्या ‘आर्ट डेको’ इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. खाते एक, काळही जवळपास एकच. तिकडच्या गॅलरीला वारसा म्हणतात, इकडच्या गॅलरीला मोडकळीस आलेले बांधकाम.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग आपल्या चाळीही जतन करा. आम्ही तसे म्हणणार नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसे झोपली आहेत. म्हातारा कॉटवर, लेक-सून कॉटखाली, पोरं गॅलरीत. बाळंतीण त्याच खोलीत, दहावीचा अभ्यास त्याच खोलीत आणि मयतही त्याच खोलीत. सार्वजनिक संडासासमोर पहाटे टमरेल घेऊन उभे राहिलेल्या बाईला वारसा काय सांगणार? पाचशे चौरस फुटांचे, आत संडास-मोरी असलेले घर मिळतेय, तर ते हक्काने घ्यावे. चाळीच्या आठवणीने गहिवरणारे बरेच लोक चाळ सोडून तीस वर्षे झालेले असतात, हे आम्ही पाहिले आहे. (त्यांत आमचे दोन चुलतभाऊ धरा.)

पण खोली सोडणे वेगळे आणि खोलीत काय घडले ते सोडून देणे वेगळे.

घडले ते थोडे नाही. सातारा, रत्नागिरी, नगर, पुणे या बाजूंनी आपली माणसे गिरणीत आली. गिरणीत आली तरी साच्यावर, म्हणजे विणकर खात्यात, त्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याचा उष्टा धागा इतरांना चालत नसे. जास्त पगार त्याच खात्यात होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघड मांडला. आपल्या आजोबांचा पगार कमी का आणि एका खोलीत तीन बिऱ्हाडे का, याचे उत्तर त्या धाग्यात आहे. पुढे १९५६ ला नागपूरहून धम्मदीक्षेची बातमी आली, तेव्हा याच खोल्यांतून देव्हारे उतरले. १९७४ च्या जानेवारीत पँथरच्या सभेनंतर वरळी पेटली आणि ती दंगल महिनोन्‌महिने धुमसली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव परळला शहीद झाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक घरांत बायकांच्या डब्यांवर, खानावळीवर चूल पेटली. हे सगळे या चाळींनी पाहिले. लिहिले कोणी?

परळच्या बी.आय.टी. चाळीकडे बघा. प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या या चाळी. तिथल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत परमपूज्य बाबासाहेब १९३४ पर्यंत सुमारे बावीस वर्षे राहिले, मधली परदेशातली वर्षे धरून. दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बैठक झाली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा बाबासाहेबांचे घर म्हणजे ही चाळ. मातोश्री रमाईने संसार केला तो या चाळीत. राजगृहात तिला एखादे वर्षच मिळाले. जगातला मोठा विद्वान आपल्यासारख्याच चाळीत राहून अभ्यास करत होता, हे पोराला पुस्तकातून सांगणे वेगळे आणि त्या दाराशी नेऊन उभे करणे वेगळे. अशी खोली राखलीच पाहिजे, तिथे आमचे दुमत नाही.

आणि राखली नाही तर काय होते, तेही आपण बघितले. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. बुद्धभूषण छापखान्याची जागा ती. त्या वादात इथे जायचे नाही. आपल्यातच दोन मते आहेत आणि आज वर्धापनदिन आहे. पण एका पहाटेत जागा जमीनदोस्त होते आणि नंतर ढिगाऱ्यातून कागद वेचावे लागतात, एवढे प्रत्येकाने मनात ठेवावे.

आता वहीची गोष्ट.

विहाराची फरशी बदलली तो उन्हाळा पुष्कळांना आठवत असेल. कपाट बाहेर काढले, त्यात वर्गणीच्या वह्या, जयंतीच्या निमंत्रणपत्रिका, पावत्यांची पुस्तके, काळे पडलेले फोटो निघाले. वाळवी लागली होती. आम्ही चौघे-पाचजण होतो, सगळे कार्यकर्ते म्हणवणारे. कोणीतरी म्हणाले, “हे कशाला ठेवायचं? उंदीर होतात.” रद्दीवाला बोलावला. वजन झाले. आलेल्या पैशांत त्या दिवशी कामाला आलेल्या पोरांना वडापाव दिला. त्या वेळी एक वयस्कर उपासिका दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “बाबांनो, त्यात माझ्या मालकांचं नाव होतं.”

त्यांच्या मालकांनी विहाराच्या पायासाठी रात्रपाळी करून आल्यावर वाळू वाहिली होती. वर्गणी चार आणे असायची, ज्याला झेपेल तो आठ आणे द्यायचा. कोणी पैसे नाहीत म्हणून मजुरी लिहिली होती, कोणी पंगतीसाठी तांदूळ. आपल्या विहाराचा पाया कोणी घातला, याचा एकमेव लेखी पुरावा आम्ही रद्दीत घातला. आज विहाराच्या संगमरवरी पाटीवर नावे आहेत ती फरशी देणाऱ्यांची. पाया घालणाऱ्यांची नाहीत.

कान्हेरीच्या लेण्यांना आपली दर वर्षी सहल जाते. तिथे भिंतीवर जी अक्षरे दिसतात, ती नुसती नक्षी नव्हे. ती दानाची नोंद आहे. त्यात राजेरजवाडेच आहेत असे नाही. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले, त्याचे नाव आहे. कल्याणच्या लोहाराचे नाव आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर, ते दार करून देणाऱ्या सुताराचे नाव आहे. जवळजवळ दोन हजार वर्षे झाली. लोहार, सुतार, सोनार, भिक्षुणी यांची नावे दगडात टिकली आणि आमच्या चाळीतल्या जॉबरचे, बदली कामगाराचे नाव पन्नास-साठ वर्षे टिकले नाही. त्या बाईंच्या वाक्यानंतर आम्ही कान्हेरीला गेलो, तेव्हा तो सोनाराचा लेख आम्हांला वेगळाच वाटला. अक्षरे आम्हांला वाचता येत नाहीत. पण तिथे बराच वेळ उभे राहिलो.

पुरावा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. खोलीवाल्याकडे भाडेपावती आहे, रेशनकार्ड आहे, म्हणून तो पात्र ठरतो. विहाराकडे काय आहे? “आमचा विहार इथेच होता, सगळ्यांना माहीत आहे,” असे म्हणून चालत नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कागदावर नसेल तर ती नकाशातही येत नाही. नव्या आराखड्यात विहाराला जागा हवी असेल, आणि ती वाहनतळाच्या कोपऱ्यात नको असेल, तर विहार कधीपासून आहे, कोणत्या चाळींतली किती कुटुंबे येतात, वर्षावास, जयंती, लग्ने, शोकसभा काय काय होते, हे सारे दाखवावे लागेल. नाव द्यायला सरकारला वेळ लागत नाही. २०२२ मध्ये वरळी, नायगाव, डिलाईल रोड तिन्ही ठिकाणच्या वसाहतींना पुढाऱ्यांची नावे जाहीर झाली. आपले नाव आपल्यालाच लिहून ठेवावे लागणार आहे.

आणखी एक बोलतो. उंच इमारतीत सगळे दार लावून बसतील, माणुसकी संपेल, असे बरेच ऐकू येते. आम्हांला ते पूर्ण पटत नाही. चाळीतही भांडणे काय कमी होती? नळावरून डोकी फुटली आहेत. पण चाळीत मयत झाली की कळवायला लागत नव्हते. नव्या इमारतीत गेलेल्या एका कुटुंबात दुःखद प्रसंग झाला आणि खालच्या मजल्यावरच्या आपल्याच माणसांना तिसऱ्या दिवशी कळले. गॅलरी होती म्हणून जे आपोआप होत होते, ते आता ठरवून करावे लागेल, आणि ते करायला विहाराशिवाय दुसरी जागा नाही. म्हणून विहाराच्या जागेसाठी जोर धरायचा.

कमिटीपुढे आम्ही काय ठेवले आहे ते सांगतो. एक मोठी वही आणली आहे, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात चाळवार आणि खोलीवार लिहायचे : खोलीत पहिले कोण आले, कोणत्या गावचे, कोणत्या गिरणीत, विहारासाठी काय दिले, पैसे असोत वा घाम. लिहायचे काम दहावी-बारावीची मुलेमुली करतील, सांगायचे काम आज्ज्या करतील. ज्यांच्या ट्रंकेत जुनी पावती, पत्रिका, फोटो असेल त्यांनी आणावा. मोबाईलवर फोटो काढून मूळ वस्तू त्याच हाताने परत मिळेल. ठेवून घेणार नाही, आमच्यावर तेवढा विश्वास राहिला नसेल हे आम्ही समजू शकतो. वहीच्या दोन प्रती होतील, एक विहारात, एक दुसऱ्या घरी.

पहिली नोंद कोणाची करायची, यावर चर्चा नको. त्या उपासिका आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. वंदनेनंतर वही टेबलावर असेल, पेन बांधून ठेवला आहे. मालकांचे नाव त्यांनी सांगायचे आणि आम्ही लिहायचे.

जय भीम! नमो बुद्धाय!