आजीचा आवाज आणि कोरी तबकडी

तंजावरचे भोसल्यांचे राज्य 1855 साली खालसा झाले; पण कुंभकोणम परिसरातील काही घरांत तंजावरी मराठी अजून नांदते. ती ग्रंथांपेक्षा आजीच्या कंठातच अधिक आहे. तो कंठ जपावयाचा, तर कोरी तबकडी पारखून घ्यावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू नको. ती जेमतेम 15 ते 25 टक्के प्रकाश परतविते, आणि अनेक जुन्या घरगुती यंत्रांना ती वाचता येत नाही. एकदाच लिहावयाची सीडी-आर 65 टक्क्यांहून अधिक परतविते. तीही 74 वा 80 मिनिटांचीच घ्यावी. 90 मिनिटांचा लोभ धरू नये. मुद्रण संपताच तबकडी ‘फायनलाइज’ करावी, एरवी यंत्र तिला ओळखीत नाही. आणि प्रती दोन कराव्यात. तबकडी पुन्हा मिळेल. आजी मिळणार नाही.