पुलाखालची उंची कोणाला ठाऊक?

(महासंघाच्या रेल्वे व टपाल कामगारांसाठीच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त पूल-कामगाराने केलेले भाषण)



पगार, पेन्शन आणि रिक्त जागा यांवर माझ्याआधी जाणकार बोलले आहेत. माझा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. पुलाखालून नावेला जायला किती मोकळी उंची आहे, हा काय युनियनचा विषय झाला? मी तीस वर्षे रेल्वेच्या पुलांवर खलाशी म्हणून काम केले. गर्डर खरवडले, रिवेट तपासले, रंग दिला. हा आपला विषय कसा होतो, ते माझ्याच एका अनुभवावरून सांगतो.

कोकणपट्टीतल्या एका खाडीपुलावर आमचे रंगकाम चालू होते. गर्डरखाली दोरांनी फळ्या टांगून परांची बांधली होती. ती गर्डरपासून मीटरभर खाली होती, म्हणजे पुलाखालची मोकळी जागा तेवढीच कमी झाली. वरून जाणाऱ्या गाडीसाठी सगळी व्यवस्था होती. ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर मिळत होती, दोन्ही बाजूंना वेगमर्यादेचे बोर्ड होते. खालून जाणाऱ्याला मात्र कोणी काहीच सांगितले नव्हते. उधाणाच्या भरतीला रेतीचा एक बार्ज आला. त्याचा तांडेल त्या वाटेने नेहमी जाणारा, नेहमीच्याच अंदाजाने आला. केबिनचे छप्पर फळीला लागले आणि परांची एका बाजूने सुटली. आम्ही चौघे होतो. तिघांनी गर्डर धरला, चौथा पाण्यात पडला. त्याच बार्जवाल्यांनी त्याला वर काढले म्हणून तो वाचला, पण त्याचा खांदा कायमचा निकामी झाला.

पुढे चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला की चूक बार्जवाल्याची आणि थोडी आमच्या मुकादमाची. पण त्या पुलाखाली किती उंची आहे हे तांडेलाला कोणी कधी सांगितले होते का? हा प्रश्न त्या चौकशीत कोणीही विचारला नाही. तो आज मी तुमच्यापुढे मांडतो आहे.

मित्रांनो, रस्त्यावरच्या फाटकाला आपण हाइट गेज लावतो. त्याची उंची सकाळी जेवढी, तेवढीच रात्री. पुलाखालच्या पाण्याचे तसे नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून अधिक फरक पडतो. म्हणजे दुपारी ज्या पुलाखालून बार्ज आरामात गेला, त्याच पुलाखाली काही तासांनी तो अडकू शकतो. त्यातही, रेती भरलेला बार्ज पाण्यात खोल बसतो आणि रिकामा बार्ज वर तरंगतो. जाताना सुटलेला माणूस परतताना सापडतो, तो यामुळेच.

हे नुसते माझे म्हणणे नाही. हावड्याचा पूल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. २४ जून २००५ रोजी एक मालवाहू जहाज भरतीच्या वेळी त्या पुलाखालून जाऊ लागले आणि त्याचे धुराडे पुलाच्या तळाला अडकले. सुमारे तीन तास ते तिथेच अडकून होते. पुलाच्या गर्डरांचे मोठे नुकसान झाले. पूल एका जागी पक्का उभा होता. हलले ते पाणी, आणि पाणी कधी किती चढणार हे तर भरतीच्या तक्त्यात आधीच छापलेले असते!

मग अडचण कुठे आहे? ती नीट समजून घेऊ. गर्डरचा तळ किती उंचीवर आहे, हे पुलाच्या कार्यालयातील नकाशावर असते. भरती किती येणार, हे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यात असते. नदीच्या पुराची पातळी जलमार्ग खात्याकडे असते. तीन कार्यालयांत तीन आकडे, आणि त्यांची वजाबाकी कोणी करायची? रात्री, पावसात, एका हाताने सुकाणू धरून उभ्या असलेल्या तांडेलाने! आपल्याकडे गर्डरचा आकडा आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण त्याला तो आकडा नको आहे. या क्षणी पाणी आणि लोखंड यांच्यात किती अंतर आहे, तेवढेच त्याला हवे आहे.

शिवाय एका आकड्याचे अर्थही अनेक असतात. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाच्या नियमांत नदीवरील पुलाची उंची मोजतात ती नौकानयनाच्या पूरपातळीपासून. ही पातळी मागील वीस वर्षांच्या पुरांच्या नोंदीवरून ठरते. भरतीच्या कालव्यात उंची मोजतात ती भरतीच्या सर्वांत उंच पातळीपासून. सागरी नकाशांची मोजपट्टी आणखी निराळी. तेव्हा पुलावर नुसते ‘१० मीटर’ लिहिले आणि कोणत्या पाण्यापासून ते लिहिले नाही, तर त्या पाटीचा उपयोग नाही. उलट तिच्यावर विश्वास ठेवणारा फसेल.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. रेल्वेच्या पुलाच्या खांबावर आपण काय रंगवतो? आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची खूण, त्याचे वर्ष आणि धोक्याच्या पातळीचा लाल पट्टा. पावसाळी गस्तवाला बॅटरीच्या उजेडात तो पट्टा पाहतो आणि गाडी थांबवायची की नाही ते ठरवतो. त्याला वजाबाकी करावी लागत नाही. नाववाल्यासाठी अशीच पट्टी रंगवायची, फक्त उलटी. खाली मोठा आकडा, वर जाताना लहान होत जाणारा. पाणी ज्या आकड्याला टेकले असेल, तेवढी मोकळी उंची. अमेरिकेत पुलांच्या खांबांवर अशा पट्ट्या असतात. तिथे काही पुलांवर हे अंतर सतत मोजणारी यंत्रेही बसवली आहेत. मिसिसिपी नदीवर न्यू ऑर्लिन्सजवळ १९३५ मध्ये बांधलेला ह्यूई लाँग पूल आहे. त्यावरून रेल्वे जाते आणि त्याच्यावरही असे यंत्र आहे. त्याचा आकडा कोणालाही पाहता येतो. यंत्रांना पैसे लागतील, हे मी मान्य करतो. पण रंगाचा डबा आणि ब्रश आपल्याकडे आजही आहे.

आता कोणी म्हणेल, नाववाल्याची काळजी नाववाला घेईल, आपल्याला काय? त्यांना मी दोन घटना सांगतो. या दोन्ही उंचीच्या नाहीत, आघाताच्या आहेत. पण खालची खबर वर पोचली नाही तर काय होते, ते त्यांतून कळते.

२२ सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अमेरिकेतील अलाबामा राज्यात दाट धुके होते. एक टगबोट बार्ज ढकलत चुकून भलत्याच पाण्यात शिरली आणि बार्ज एका रेल्वेपुलाला धडकला. आपण पुलाला धडकलो, हे बोटीवरच्यांना आधी कळलेसुद्धा नाही. पूल जवळजवळ मीटरभर सरकला, रूळ वाकले, पण तुटले नाहीत. रूळ तुटले नाहीत म्हणून ट्रॅक सर्किट तुटले नाही, आणि म्हणून सिग्नल हिरवाच राहिला! काही मिनिटांत लांब पल्ल्याची प्रवासी गाडी आली. ४७ माणसे मेली. त्यांत पाच रेल्वे कर्मचारी होते. सिग्नलमध्ये काम करणाऱ्या माझ्या मित्रांनो, आपली यंत्रणा तुटलेला रूळ ओळखते, सरकलेला पूल ओळखत नाही. तिथे उपयोगी पडतो तो माणूस आणि त्याने वेळेवर दिलेली खबर.

दुसरी घटना २६ मार्च २०२४ ची. बाल्टिमोर शहरात वीज गेलेले एक प्रचंड जहाज पुलाच्या खांबाला धडकले आणि पूल कोसळला. जहाजावरून संकटाचा संदेश वेळेत गेला होता. त्यामुळे पोलिसांनी दोन्ही टोकांची वाहने थांबवली आणि कितीतरी जीव वाचले. पण पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणाऱ्या कामगारांपर्यंत तो इशारा पोचला नाही. त्यांतले सहा जण मेले. पोटासाठी परदेशातून आलेले मजूर होते ते. मोटारी वाचल्या, कामगार गेले. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

आपल्या देशात २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. वसईची खाडी आणि उल्हास नदी, गोव्यातील मांडवी आणि झुआरी हे त्यांतलेच. त्यांच्यावरून आपल्या गाड्या रोज जातात. खालची वाहतूक वाढावी असे सरकारचे धोरण आहे, आणि ती वाढावी, आपला विरोध नाही. पण ती वाढणार असेल तर पुलाखालची उंची ही कार्यालयातल्या फायलीत ठेवायची बाब राहत नाही. म्हणून माझ्या सूचना अशा :

१. जलमार्गावरील प्रत्येक पुलाला दोन्ही बाजूंनी पाटी हवी. तिच्यावर पुलाचा क्रमांक, मोकळी उंची, ती कोणत्या पातळीपासून मोजली आणि मोजल्याची तारीख असावी. नाव जाण्याच्या गाळ्याच्या खांबावर उलटी पट्टी हवी.

२. परांची, केबल किंवा पाइप यांमुळे उंची कमी होणार असेल तर काम सुरू होण्याआधी नाववाल्यांना सूचना मिळाली पाहिजे. गाडीला कॉशन ऑर्डर, मग नावेला का नको?

३. पाटीवर चोवीस तास उचलला जाईल असा फोन नंबर हवा. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या रेल्वेपुलांवर पुलाचा क्रमांक आणि फोन नंबर असतो. आघात झाला की कोणीही कळवू शकतो आणि गाड्या थांबतात.

४. पाटी चुकीची आहे असे कळवणाऱ्या कीमनला किंवा गस्तवाल्याला चार्जशीट मिळता कामा नये.

५. ही माहिती माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे आपणहून जाहीर व्हावी. मागणाऱ्याची वाट पाहू नये.

टपाल खात्यातील बंधू-भगिनींना वाटत असेल, यात आमचे काय? खाडीकाठच्या गावात कोणाचा मचवा आहे, कोणाचा बार्ज आहे, मच्छीमार सोसायटीचा सचिव कोण, हे पोस्टमनइतके कोणाला ठाऊक असते? सूचना गॅझेटात छापली म्हणजे तांडेलापर्यंत पोचली असे होत नाही. ती पोस्टाच्या फळ्यावर लागली आणि सोसायटीच्या पत्त्यावर गेली, तर पोचेल. हे काम खात्याने रीतसर आणि मोबदला देऊन सोपवावे, अशी मागणी आपण एकत्र करू.

शेवटचे सांगतो. आज त्या परांचीवर बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याला ना पास, ना युनियनचे कार्ड. खालून येणारा बार्जवालाही असाच रोजंदारीचा. दोघेही एकमेकांना ओळखत नाहीत आणि अपघात झाला की दोघेही एकमेकांवर दोष ढकलतात. चौकशी तिथेच संपते. त्या दोघांच्या मधली मोकळी जागा मोजून लिहून ठेवणे हे ज्यांचे काम, त्यांना मात्र कोणी विचारत नाही. ते विचारण्याचे काम आपले आहे. आपल्या शाखेच्या हद्दीतील एका तरी खाडीपुलाखाली पुढच्या महिन्यात नावेतून जाऊन पाहा, पाटी आहे का, तारीख आहे का, आणि जे दिसेल ते लिहून शाखेकडे पाठवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!