घरी राहिलेले मत
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



निवडणुकीचा अंदाज बांधताना आपण नेहमी दोन प्रश्न विचारतो. उमेदवार किती बलवान आहे? आणि मतदान किती होईल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे आपण बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधतो. उमेदवाराचे बळ सभेच्या गर्दीवरून मोजतो आणि मतदानाचा कौल एकूण टक्केवारीवरून ठरवतो. या दोन्ही मोजपट्ट्या किती फसव्या ठरू शकतात, हे समजून घेण्यासाठी आज अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे उदाहरण घेऊ.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये शंभर सदस्य असतात. राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाचे दोन. मुदत सहा वर्षांची. न्यायाधीशांच्या आणि मंत्र्यांच्या नेमणुकांना याच सभागृहाची संमती लागते. बहुतेक राज्यांचा कल आधीच ठाऊक असतो. खरी लढत होते ती मोजक्या दोलायमान राज्यांत. त्यांना तेथे 'स्विंग स्टेट' म्हणतात. दीर्घकाळ रिपब्लिकन पक्षाचा गड मानले गेलेले जॉर्जिया २०२० साली या पंक्तीत येऊन बसले. सुमारे पन्नास लाख मतांपैकी अवघ्या ११,७७९ मतांच्या आघाडीने बायडेन तेथे विजयी झाले.

जॉर्जियाच्या कायद्यातील एक तरतूद अभ्यासकाला फार उपयोगी आहे. कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. तेच उमेदवार, तेच मतदार आणि काही आठवड्यांचे अंतर. त्यामुळे दरम्यान कोण घरी राहिले, याचा हिशेब मांडता येतो.

२००८ साली रिपब्लिकन सॅक्सबी चॅम्ब्लिस यांना पहिल्या फेरीत ४९.८ टक्के, तर डेमोक्रॅट जिम मार्टिन यांना ४६.८ टक्के मते होती. ओबामांच्या उमेदवारीमुळे कृष्णवर्णीय मतदार तेव्हा मोठ्या संख्येने बाहेर पडला होता. चार आठवड्यांनी एकूण मतदान सुमारे सदतीस लाखांवरून एकवीस लाखांवर आले आणि चॅम्ब्लिस यांची आघाडी तीन टक्क्यांवरून जवळपास पंधरा टक्क्यांवर गेली. यातून पंडितांनी सिद्धान्त काढला : दुसऱ्या फेरीत मतदान घटते आणि घटलेले मतदान रिपब्लिकनांच्या पथ्यावर पडते.

बारा वर्षांनी हा सिद्धान्त कोसळला. नोव्हेंबर २०२० मध्ये रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू हे जॉन ऑसॉफ यांच्यापेक्षा सुमारे ८८ हजार मतांनी पुढे होते. केवळ निम्म्याचा आकडा थोडक्यात हुकला. ५ जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या फेरीत तेच पर्ड्यू सुमारे ५५ हजार मतांनी पराभूत झाले. मते दोघांचीही घटली. मात्र ऑसॉफ यांची सुमारे एक लाख पाच हजार घटली, तर पर्ड्यू यांची जवळजवळ अडीच लाख!

असे का घडले? नोव्हेंबरची मतमोजणीच बनावट होती, असे ट्रम्प सातत्याने सांगत होते. त्यांच्या काही समर्थकांनी तर मतदानच करू नका, असे जाहीरपणे बजावले. आपले मत मोजलेच जाणार नाही अशी ज्याची धारणा झाली, तो रांगेत कशाला उभा राहील? राज्याच्या वायव्येकडील रिपब्लिकन पट्ट्यात मतदान अधिक घटले. कृष्णवर्णीय वस्तीच्या भागांत त्या मानाने टिकून राहिले. तेथे नावनोंदणीचे आणि घरोघरी संपर्काचे काम कित्येक वर्षे चालू होते. त्याला चेहरा देणाऱ्या स्टेसी एब्रम्स २०१८ साली गव्हर्नरपदाची निवडणूक सुमारे ५५ हजार मतांनी हरल्या होत्या, पण त्यांनी काम थांबवले नाही.

त्याच दिवशी राज्याची दुसरी जागाही राफाएल वॉर्नॉक यांनी जिंकली. सिनेटमध्ये पन्नास-पन्नास अशी बरोबरी झाली आणि निर्णायक मत उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या हाती आले. ऑगस्ट २०२२ मधील 'इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट' ५१ विरुद्ध ५० असा त्यांच्याच मताने संमत झाला. घरी बसलेल्या मतदाराची किंमत ही एवढी!

आता उमेदवाराच्या बळाकडे वळू. २०२२ साली वॉर्नॉक यांच्यासमोर रिपब्लिकनांनी हर्शेल वॉकर यांना उभे केले. फुटबॉलमधील दंतकथा बनलेले नाव, ट्रम्प यांचा आशीर्वाद आणि अमाप प्रसिद्धी! परंतु त्यांच्या खासगी आयष्याविषयीच्या आरोपांनी प्रचार झाकोळला. त्यांनी ते नाकारले. त्याच दिवशी त्याच पक्षाचे ब्रायन केम्प २१ लाख ११ हजार मते घेऊन पुन्हा गव्हर्नर झाले. वॉकर यांना मिळाली १९ लाख ८ हजार. पक्ष तोच, मतदान केंद्र तेच. तरी दोन लाखांचा फरक! उमेदवाराचा कस लावायचा तो असा, शेजारी उभ्या असलेल्या स्वपक्षीयाशी तुलना करून.

डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत केम्प यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. सिनेटचे बहुमतही तोवर डेमोक्रॅट्सकडे निश्चित झाले होते. वॉर्नॉक यांची आघाडी ३७ हजारांवरून ९९ हजारांवर गेली. वॉकर यांची एक लाख ८७ हजार मते घटली, वॉर्नॉक यांची सव्वा लाख. दुबळ्या उमेदवाराचा मतदार दर वेळी शत्रुपक्षाला मिळतोच असे नाही. पुष्कळदा तो मुकाट्याने घरी राहतो. म्हणूनच उमेदवाराचे बळ आणि मतदान हे दोन स्वतंत्र विषय मानू नयेत.

याची चाहूल आधी लागते का? काही अंशी लागते. मत कोणाला दिले हे तेथेही गुप्त असते. परंतु कोणी मत दिले, ही नोंद सार्वजनिक असते. मतदान मुख्य दिवसाच्या आधीच सुरू होत असल्याने दोन्ही पक्ष रोज ती यादी तपासतात आणि उरलेल्यांची दारे ठोठावतात. आपला पोलिंग एजंट यादीवर खुणा करतो, त्याचेच हे विस्तारित रूप.

मात्र यातून नवा सिद्धान्त काढण्याची घाई नको. २०२४ साली ट्रम्प यांनी हेच राज्य सुमारे एक लाख १५ हजार मतांनी जिंकले. दोलायमान राज्य कोणाचे मिंधे नसते.

आपल्याकडे दुसरी फेरी नाही. एका मताने पुढे असलेला विजयी होतो आणि घरी राहिलेल्यांचा हिशेब मांडण्याची संधी पाच वर्षे येत नाही. म्हणून टक्केवारीची चर्चा करण्यापूर्वी आपल्या यादीतील न आलेली नावे वाचा. आणि पराभवाच्या संतापातही आपल्याच मतदाराला 'तुझ्या मताला किंमत नाही' असे कधी सांगू नका; तो ते खरे मानतो.