रांग कोणत्या खिडकीशी?



तत्काळ आरक्षणाची वेळ झाली की देशभरातली माणसं एकाच क्षणी रेल्वेच्या संकेतस्थळाचं दार ठोठावतात. रेल्वेची इंटरनेटवरची तिकीटविक्री २००२ साली सुरू झाली. २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली, तेव्हा मिनिटाला दोन हजारांऐवजी ७,२०० तिकिटं देण्याची क्षमता तिच्यात असल्याचं सांगितलं गेलं. एकट्यादुकट्या संगणकाचं हे काम नव्हे. आत पुष्कळ संगणक, म्हणजे सर्व्हर, काम करत असतात आणि दारात एक व्यवस्थापक उभा असतो. ‘तुम्ही तिसऱ्या खिडकीवर जा, तुम्ही पाचव्या,’ असं सांगणारा. त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. आपण त्याला भारवाटप करणारा म्हणू. हा एक संगणक-प्रोग्रामच असतो आणि तो कोणता निवडावा, हा आजचा विषय.

हा प्रश्न फक्त मोठ्या शहरांचा नाही. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, हावडा-मुंबई लोहमार्गावर दरेकसा हे छोटं स्टेशन आहे. तिथून पुढे डोंगर, बोगदा आणि मग छत्तीसगडातलं बोरतलाव. जवळच हाजरा धबधबा आहे आणि कचारगडच्या गुहाही. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी अनेक राज्यांतून गोंड भाविक इथे येतात. या परिसरातल्या मुलामुलींनाही शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज आता ऑनलाइनच भरावे लागतात.

काही वर्षांपूर्वी अशाच अर्जांचं एक संकेतस्थळ सुधारण्याचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या तारखेला ते हमखास बंद पडायचं. त्यातही शहरातल्या मुलांचे अर्ज कसेबसे जायचे. दरेकसासारख्या ठिकाणच्या मुलांचे मात्र दाखले चढवतानाच अडकायचे. एका अर्जामागे एका मुलाचं वर्षभराचं शिक्षण होतं.

मोफत मिळणारे तीन पर्याय समोर होते. पहिला लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर. चीनमधल्या वेनसाँग झांग यांनी तो १९९८ मध्ये सुरू केला. टपालखात्यातला माणूस जसा पाकीट न फोडता फक्त पत्ता बघून पुढे सारतो, तसा हा चालतो. म्हणून अतिशय वेगवान. पण पाकिटात काय आहे याची त्याला दखल नसते. दुसरा एचए-प्रॉक्सी, फ्रान्सच्या विली तारो यांचा, २००१ चा. हा पाकीट उघडून वाचूही शकतो आणि मागच्या प्रत्येक सर्व्हरची ठरावीक सेकंदांनी विचारपूस करतो. जो उत्तर देत नाही, त्याच्याकडे नवं काम पाठवत नाही. तिसरा एन्जिनएक्स, रशियाच्या इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला. याच्या मोफत आवृत्तीत अशी आपणहून विचारपूस नाही; कुणाची तरी विनंती फसली की मगच त्याला सर्व्हर आजारी असल्याचं कळतं.

एवढ्यावरून एचए-प्रॉक्सीची सरशी झाली, असं वाटेल. पण आमचा खरा अडथळा निराळाच होता. दुबळ्या जोडणीवरून एक दाखला चढायला कित्येक मिनिटं लागत. तेवढा वेळ सर्व्हरवरचा एक कारकून, असं म्हणू, हात बांधून त्या एकाच अर्जापाशी थांबे. असे शंभर अर्ज आले की शंभर कारकून अडकले. एन्जिनएक्सचा गुण इथे कामी येतो. तो सगळा अर्ज आधी स्वतःजवळ गोळा करतो आणि पूर्ण झाल्यावरच एकदम आत देतो. कारकुनाचे काही क्षणच खर्ची पडतात. म्हणून आम्ही दोघांनाही कामाला लावलं. दारात वाटपासाठी एचए-प्रॉक्सी आणि प्रत्येक सर्व्हरच्या उंबऱ्यावर एन्जिनएक्स.

पुढचा प्रश्न वाटपाच्या रीतीचा. पाळीपाळीनं एकेक जण पाठवणं सोपं. पण कुणाचं काम क्षणात होतं, कुणाचं दहा मिनिटं चालतं. तेव्हा ज्या खिडकीशी सगळ्यांत कमी माणसं, तिथं पाठवणं बरं. इंटरनेटवरच्या पत्त्यावरून खिडकी ठरवण्याचीही रीत आहे. आमच्या कामाला ती घातक होती, कारण मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागून बाहेर सोडतात. अख्खा तालुका एकाच खिडकीशी लोटला असता! त्याऐवजी प्रत्येकाला कुकी नावाचं बिल्ल्यासारखं टोकन दिलं, म्हणजे अर्ज अर्धवट राहिला तरी माणूस त्याच खिडकीवर परत येतो.

विचारपूसही नीट करावी लागते. ‘आहेस का?’ एवढंच विचारलं तर माहितीसाठा बंद पडलेला सर्व्हरही ‘आहे’ म्हणतो. ‘एक नोंद काढून दाखव,’ असं विचारावं. आणि दारातला माणूस एकटा नसावा. तोच आजारी पडला तर सगळंच ठप्प. म्हणून तिथं दोन यंत्रं ठेवली. एक थांबलं की दुसरं त्याची जागा घेतं.

इतकं करूनही एक मर्यादा उरतेच. स्टेशनात कितीही फलाट बांधा, पुढच्या बोगद्यातून जेवढ्या गाड्या जातील तेवढ्याच जाणार. सगळे सर्व्हर अखेर एकाच माहितीसाठ्याकडे धावतात. तो तोकडा असेल तर कोणताही भारवाटप करणारा उपयोगी पडत नाही.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावलं, पण बंद पडलं नाही. संकेतस्थळं चालवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. कोणता प्रोग्राम सर्वांत वेगवान, हे तक्त्यात बघून निवड करू नका. चाचणी कार्यालयातल्या जलद जोडणीवरून न घेता दरेकसासारख्या गावातून, साध्या मोबाइलवरून, भर गर्दीच्या वेळी घ्या. आणि पालकहो, अर्ज अडकला म्हणजे आपल्या मुलालाच काही येत नाही, असं समजून त्याच्यावर रागावू नका. बऱ्याचदा रांग लावणाऱ्याचंच चुकलेलं असतं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)