व्यवहार पुरा कीं अपुरा?

कॅनडांतील अल्बर्टा प्रांतांत फ्लेक्सकॉइन नांवाची एक पेढी होती. बिटकॉइन हें संगणकावरचें चलन गिऱ्हाइकांच्या वतीनें सांभाळावें, एकाच्या खात्यांतून दुसऱ्याच्या खात्यांत वळतें करावें, असा तिचा धंदा. २०१४ च्या मार्च महिन्यांत ही पेढी एका चोरीनें बुडाली. गेलेलें धन ८९६ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें सहा लाख डॉलर. पेढीनें दिलेला खुलासा मोठा विलक्षण होता. चोरानें नवें खातें उघडलें आणि एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत रक्कम वळती करण्याचे हजारों हुकूम एकाच वेळीं पाठविले. शिलकेचा आंकडा बदलण्यापूर्वींच ते हुकूम मान्य होत गेले, आणि खात्यांत नव्हतें तेंहि धन बाहेर पडलें.

हें कसें घडतें तें समजण्यास जुन्या पेढीचें चित्र उपयोगी पडेल. खतावणी एक आणि दिवाणजी शंभर, अशी पेढी श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावी. एकाच असामीच्या शंभर चिठ्ठ्या शंभर दिवाणजींच्या हातीं एकदम पडतात. प्रत्येकजण खतावणींत डोकावतो, ‘शिल्लक शंभर रुपये’ असें वाचतो, आणि शंभर रुपये मोजून देतो. यांत लबाड असा एकहि दिवाणजी नाहीं. प्रत्येकानें वाचलें तें खरेंच होतें. खोट आहे ती वाचणें आणि लिहिणें यांमधील क्षणांत. माणसाला तो क्षण जाणवतहि नाहीं. यंत्राला मात्र तेवढ्या अवधींत शेंकडों कामें उरकतां येतात.

यावर संगणकशास्त्रानें काढलेली तोड म्हणजे ‘ट्रॅन्झॅक्शन’. अनेक नोंदी मिळून एकच व्यवहार मानावयाचा. तो झाला तर सगळा, न झाला तर मुळींच नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ जिम ग्रे यांनीं १९८१ सालच्या आपल्या निबंधांत ही कल्पना कराराच्या कायद्याशीं जोडून मांडली. १९९८ चें ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालें तें मुख्यतः याच क्षेत्रांतील कार्याबद्दल. १९८३ मध्यें हेर्डर व रॉयटर या जर्मन पंडितांनीं व्यवहाराचे चार गुण सांगितले: अखंडता, सुसंगति, पृथक्पणा आणि टिकाऊपणा. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘ॲसिड’ असा शब्द होतो, आणि तोच रूढ झाला. यांपैकीं टिकाऊपणाची युक्ति आपल्याकडील व्यापाऱ्याला नवी वाटणार नाहीं. आधीं कीर्द, मग खतावणी! डेटाबेस, म्हणजे संगणकांतील दफ्तर, प्रत्येक फेरफार प्रथम एका क्रमवार नोंदवहींत उतरवून ठेवतें. मध्येंच वीज गेली तर त्या वहीवरून खातीं पुन्हां उभीं करतां येतात.

खरी अडचण पृथक्पणाची आहे. दफ्तर कितीहि चोख असलें तरी व्यवहार कोठें सुरू होतो आणि कोठें संपतो हें तें आपण होऊन ओळखीत नाहीं; ती हद्द संकेतस्थळाची आज्ञावली लिहिणाऱ्यानें आंखावयाची असते. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील टॉड वॉरझॉस्की व पीटर बेलिस यांनीं २०१७ मध्यें संकेतस्थळावरील दुकानें चालविणाऱ्या बारा आज्ञावली तपासल्या, तेव्हां त्यांत अशीं बावीस घातक छिद्रें सांपडलीं. एकच भेट-कूपन पुनःपुन्हां वटविणें हा त्यांतलाच प्रकार. बहुतेक ठिकाणीं दोष दफ्तराचा नव्हताच. शिल्लक पाहणें एका व्यवहारांत आणि ती वजा करणें दुसऱ्यांत, अशी हद्दच चुकीची पडली होती.

बरें, दोन्ही कामें एका हद्दींत घेतलीं म्हणजे भागतें काय? तेंहि नाहीं. पोस्टग्रेस हें पुष्कळ वापरांतलें दफ्तर, वेगळें कांहीं न सांगितल्यास, ‘रीड कमिटेड’ या पायरीवर चालतें. या पायरीवर दुसऱ्याचा अपुरा व्यवहार दिसत नाहीं, एवढीच हमी. दोघांनीं एकच शिल्लक वाचण्यास तेथें आडकाठी नाहीं. म्हणून वाचतांनाच ‘फॉर अपडेट’ असें सांगून त्या ओळीवर हात ठेवावा, म्हणजे त्याच हेतूनें येणारा दुसरा खोळंबून राहतो. किंवा पाहणें आणि वजा करणें एकाच वाक्यांत करावें: ‘शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर’, आणि किती ओळी बदलल्या तें तपासावें. शून्य आलें तर पैसे देऊं नयेत. सर्वांत वरची पायरी ‘सीरियलायझेबल’. तेथें दफ्तर स्वतःच घोटाळा ओळखून एखादा व्यवहार नाकारतें. मग तो पहिल्या वाचनापासून पुन्हां करावा लागतो. नुसतें शेवटचें वाक्य पुन्हां पाठवून चालत नाहीं. हें पथ्य विसरणारे थोडे नाहींत.

या भीतीनें कित्येकजण उलट टोंकाला जातात आणि सारेंच एका हद्दींत कोंबतात. ओळीवर हात ठेवलेला, आणि दूरच्या बँकेच्या उत्तराची वाट पाहणें चाललेलें! बँकेला दहा सेकंद लागले कीं मागची सगळी रांग दहा सेकंद उभी. शिवाय दफ्तरांतील नोंद मागें घेतां येते, पण एकदां धाडलेलें पत्र परत येत नाहीं. व्यवहार फसला तरी ‘आपली मागणी नोंदली गेली’ असें पत्र गिऱ्हाइकाच्या हातीं पडून चुकलेलें असतें. म्हणून जाणते कारागीर पत्र तेथल्या तेथें पाठवीत नाहींत. ‘पाठवावयाचें पत्र’ अशी एक ओळ ते त्याच व्यवहारांत दफ्तरांत लिहितात. व्यवहार टिकला तर ओळ टिकते, फसला तर तीहि पुसली जाते. पुढें दुसरा एक कारकून ती वही चाळून पत्रें रवाना करतो. मध्येंच तो बंद पडला तर एखादें पत्र दोनदां जाण्याचा संभव उरतो. त्यासाठीं प्रत्येक पत्रावर क्रमांक घालतात आणि घेणाऱ्याकडून तो पडताळून घेतात.